आंबोलीचा भेक २०७० साली कुठे असेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तुम्ही आंबोली भेकाच्या ३१ नोंदी इंटरनेटवरून जमवल्या आणि मॅक्सेंटमध्ये, म्हणजे नोंदी आणि हवामान जुळवून जातीला योग्य जागा शोधणाऱ्या संगणक-प्रणालीत, मॉडेल चालवलं. २०७०च्या नकाशात आंबोलीचा रंग फिका पडला आणि महाबळेश्वर व कर्नाटकातल्या कुद्रेमुखच्या बाजूला गडद झाला. तुम्ही विचारताय, ‘हवामानबदलामुळे हा भेक तिकडे सरकेल असा निष्कर्ष लिहू का?’

लिहू नका. हवामानबदलाचा या प्राण्याला धोका नाही म्हणून हे सांगत नाही. धोका आहे, आणि तो तुमच्या नकाशात दिसतो त्यापेक्षा जवळचा आहे. पण नकाशा ज्या गोष्टी मोजतो त्यांच्यावर या भेकाचं जगणं ठरत नाही. ज्यावर ते ठरतं ते नकाशात कुठेच नाही.

आधी प्राण्याविषयी. झँथोफ्रायने टायगेरिना हे नाव त्याला २००९ साली एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी दिलं. कुशीवर वाघासारखे पट्टे, म्हणून टायगेरिना. त्याला सख्खं भावंड एकच, कोयनेचा भेक, ज्याचं वर्णन १९६३ साली झालं होतं. या कुळशाखेत (जीनसमध्ये) जगात दोनच जाती आहेत आणि दोन्ही आपल्या सह्याद्रीत. आंबोलीचा भेक आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ या सर्वांत वरच्या पायरीवर आहे, कारण तो आंबोली परिसराबाहेर माहीत नाही. आकार तीन-चार सेंटीमीटर. घर म्हणजे जांभ्याचा सडा, म्हणजे उघड्या कातळाचं सपाट पठार, आणि प्रजननाची जागा म्हणजे त्या सड्यावरच्या कातळात पडलेले उथळ खळगे.

हे खळगे तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेत का? मला वाटतं, मॉडेल चालवण्याआधी पाहायला हवेत. पहिल्या दमदार पावसानंतरच्या रात्री बॅटरी घेऊन सड्यावर जा. धुकं एवढं असतं की बॅटरीचा झोत दोन हातांवर विरून जातो. आवाजाच्या रोखाने वाकलात की ताटाएवढ्या खळग्यात दोन बोटं पाणी, त्यात पिवळसर नर, आणि कडेला दगडाला धरून अंडी दिसतात. भिजवलेल्या साबुदाण्यासारखी, काही डझनच. आपल्या अंगणातला नेहमीचा भेक माळेमाळेने हजारो अंडी घालतो. याचा सगळा हंगाम एवढ्याशा पुंजक्यावर असतो. एका वर्षी अशाच एका खळग्यावर मी दगड रचून खूण केली आणि चौथ्या दिवशी परत गेलो. मधले दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती, ऊनही पडलं होतं. खळग्याच्या तळाशी ओल होती, पाणी नव्हतं. पातेल्याच्या काठाला साबुदाणा वाळून चिकटावा तशी अंडी कातळाला चिकटली होती. नखाने खरवडली तरी सुटेनात. पाचव्या दिवशी आंबोलीत इतका पाऊस कोसळला की घाट बंद ठेवावा लागला. त्या वर्षीची पावसाची सरासरी पाहिलीत तर काही घडलं असं वाटणारसुद्धा नाही.

बेडकाच्या अंड्याला कवच नसतं. मोठ्या बेडकाची कातडीही पाणी आत घेते आणि बाहेर सोडते. तो कातडीनेच पितो आणि बऱ्याच अंशी कातडीनेच श्वास घेतो. त्यामुळे तापमान, आर्द्रता आणि साचलेलं पाणी या त्याच्यासाठी तीन वेगळ्या गोष्टी नाहीत. एक अंश तापमान वाढलं म्हणून मोठा भेक मरेल असं नाही. पण खळग्यातलं पाणी किती दिवस टिकतं यात दोन-तीन दिवसांचा फरक पडला तर पिढी जाते. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, या प्राण्याचा प्रदेश चौरस किलोमीटरांत मोजायच्या आधी पाण्याच्या दिवसांत मोजा.

हे फक्त आपल्याकडचं नाही. कोस्टारिकातल्या मोंतेवेर्देचा सोनेरी भेक तुम्हाला माहीत असेल. १९८७ साली तिथल्या डबक्यांत दीड हजारावर भेक दिसले होते. मार्था क्रंप यांनी त्या हंगामात डबक्यांवर नजर ठेवली. त्यांच्या अंदाजाने दहा डबक्यांत ४३,५०० अंडी घातली गेली. डबकी आटत गेली आणि आठवडाभराहून जास्त जगलेली पिल्लं होती फक्त २९. १९८९ साली एकच नर दिसला, आणि तो शेवटचा. पुढे या घटनेच्या कारणांवर बराच वाद झाला. कुणी जागतिक तापमानवाढीला जबाबदार धरलं, कुणी कायट्रिड बुरशीला, जी उभयचरांच्या कातडीवर वाढून रोग करते. २०१० साली झाडांच्या लाकडातल्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) तिथला जुना पाऊस काढला, तेव्हा १९८६-८७ची कोरड एल निनोमुळे आलेली दिसली. दीर्घकालीन कल सापडला नाही. मला या वादातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. एवढ्याशा जागेत राहणाऱ्या जातीला संपवायला हवामानाचा दीर्घकालीन कल लागत नाही, वाईट हंगाम लागोपाठ आले तरी पुरतात. आणि तापमानवाढ नेमके असेच हंगाम वारंवार आणते.

आता आपल्या पावसाकडे या. भूविज्ञान मंत्रालयाने २०२० साली भारतातल्या हवामानबदलाचा आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. १९५१ ते २०१५ दरम्यान मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि ही घट जिथे ठळक आहे त्यात गंगेच्या मैदानाबरोबर पश्चिम घाटही आहे. त्याच काळात मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडण्याच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. पावसाळ्यातले कोरडे खंडही वाढले: १९८१ ते २०११ या वर्षांत ते आधीच्या तीन दशकांपेक्षा २७ टक्के जास्त होते. म्हणजे पाऊस कोसळतो तेव्हा जास्त कोसळतो आणि दडी मारतो तेव्हा जास्त वेळा मारतो. शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. दुबार पेरणी हा शब्द आपल्याकडे त्यातूनच रुळला. सड्यावरच्या भेकाला दुबार पेरणी करता येते का, हा माझ्या मते तुमच्या प्रकल्पाचा खरा प्रश्न असायला हवा.

गेल्या काही वर्षांच्याच तारखा पाहा. २०२३ साली मोसमी पाऊस ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथेच थबकला. मुंबईला पोहोचायला २५ जून उजाडला. त्याच वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. २०२५ साली पाऊस २४ मेला केरळात आणि २६ मेलाच मुंबईत दाखल झाला, आणि मग जवळजवळ दोन आठवडे पुढे सरकला नाही. दोनच वर्षांत आगमनाच्या तारखेत महिन्याचा फरक, आणि मध्ये खंड. पहिल्या पावसाची हाक ऐकून बाहेर येणाऱ्या प्राण्याला ही हाक खरी की खोटी हे कळायला मार्ग नाही.

तुमच्या मॉडेलने यातलं काय पाहिलं? तुम्ही वर्ल्डक्लिम या जागतिक हवामान-माहितीसंचातले १९ जैवहवामान घटक वापरलेत. वार्षिक पाऊस, सर्वांत ओल्या महिन्याचा पाऊस, सर्वांत कोरड्या तिमाहीचं तापमान, असे सगळे. यात पाऊस सुरू होण्याची तारीख नाही. जूनमधला खंड किती दिवसांचा, हे नाही. महिन्याला २००० मिलिमीटर पाऊस रोज थोडा थोडा पडला काय आणि दहा दिवसांत कोसळून बाकीचे वीस दिवस कोरडे गेले काय, या घटकांना दोन्ही सारखेच. शिवाय भविष्यातल्या हवामानाचे मूळ आकडे ज्या जागतिक मॉडेलांतून येतात त्यांचा एकेक चौकोन साधारण शंभर किलोमीटरचा असतो. त्या चौकोनात वेंगुर्ल्याचा किनारा, आंबोलीचा कडा आणि आजऱ्यापलीकडचा पर्जन्यछायेचा पट्टा सगळं एकत्र येतं. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पूर्वेला थोडं अंतर गेलं की तो झपाट्याने उतरतो. नंतर बारीक चौकोनांत आकडे वाटून दिले तरी कड्याने अडवलेला पाऊस त्यात नीट उतरत नाही.

नोंदींबद्दल मात्र सावकाश बोलतो, कारण ही चूक मी प्रबंधांतसुद्धा पाहतो. ३१ नोंदींचा आकडा वाचूनच मला शंका आली. आयनॅचरलिस्टवर, म्हणजे लोक निसर्गनोंदी टाकतात त्या संकेतस्थळावर, संकटग्रस्त जातीची नोंद टाकली की तिचं नेमकं ठिकाण आपोआप लपवलं जातं, चोरी आणि गर्दी टाळण्यासाठी. ते योग्यच आहे. पण लपवताना खरा बिंदू काढून ०.२ अंशाच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या चौकोनात कुठेही एक बिंदू टाकला जातो. तीच नोंद पुढे जीबीआयएफ या जैवविविधता-नोंदींच्या जागतिक साठ्यात जाते आणि तुम्ही ती तिथून उतरवून घेता. तुम्ही पाठवलेल्या चित्रात काही ठिपके सावंतवाडीच्या बाजूला, जवळजवळ समुद्रसपाटीवर आहेत. तिथे भेक नाही, तिथे संगणकाने टाकलेला ठिपका आहे. मॉडेलने मात्र तो खरा मानला आणि ‘या भेकाला ७०० मीटर उंचीही चालते आणि ३० मीटरही चालते’ असं शिकून घेतलं. उतरवलेल्या फाइलमध्ये अचूकतेचा एक रकाना असतो. त्यात पंचवीस-तीस हजार मीटर असा आकडा असेल ती ओळ काढून टाका. माझा अंदाज आहे, मग तुमच्याकडे मोजक्याच नोंदी उरतील आणि त्यातल्याही बऱ्याच एकाच चौरस किलोमीटरात पडतील.

एवढ्यावर मॉडेल उभं राहत नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही. आययूसीएनच्या पद्धतीत जातीने व्यापलेलं क्षेत्र २ किलोमीटर बाय २ किलोमीटरच्या चौकोनांत मोजतात. १० चौरस किलोमीटरपेक्षा कमी भरलं तर ती जात अतिसंकटग्रस्त ठरू शकते, अर्थात इतर अटीही पाहतात. दहात चारचे दोनच चौकोन पूर्ण बसतात. जिचं अख्खं जग एवढंसं, तिच्या हवामानाच्या पसंतीबद्दल मॉडेल काय शिकणार? ते आंबोलीचं हवामान शिकतं आणि तसंच हवामान आणखी कुठे आहे ते दाखवतं. ही माहिती आंबोलीबद्दलची झाली, भेकाबद्दलची नव्हे.

आता ‘सरकेल का’ या भागाकडे. बेडूक वर सरकतात, याचे चांगले पुरावे आहेत. मादागास्करच्या उत्तरेला त्सारातानाना पर्वतावर १९९३ आणि २००३ मध्ये उभयचर व सरपटणाऱ्यांच्या उंचीची तुलना केली, तेव्हा सरासरी १९ ते ५१ मीटर वर सरकल्याचं दिसलं. पेरूमध्ये विल्कानोता पर्वतरांगेत हिमनद्या मागे हटल्या, त्या जागी नवी तळी झाली आणि तीन जातींचे बेडूक तिथे जाऊन राहिले, त्यातला एक तर ५,४०० मीटरवर. त्यांच्यामागोमाग कायट्रिड बुरशीही तिथे सापडली. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं, कारण प्रदेश बदलताना जीव एकटा जात नाही, त्याचे रोगही सोबत असतात. ही बुरशी साधारण १७ ते २५ अंशांत जोमाने वाढते आणि तीसच्या आसपास टिकत नाही. त्यामुळे तापमानवाढ सखल भागात तिला कदाचित आवर घालेल आणि थंड माथ्यांवर तिला नवी जागा देईल. सह्याद्रीत ती आढळली आहे, पण अमेरिका-ऑस्ट्रेलियासारखी बेडकांची सामूहिक मर इथे नोंदलेली नाही.

पण या पर्वतांसारखी जागा आंबोलीत आहे कुठे? हवेचं तापमान हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. दोन अंश वाढ झाली तर तोच गारवा मिळवायला तीनशे मीटर वर जावं लागेल. आंबोली सातशे मीटरवर, आणि आसपास हजार मीटरची जागा फार थोडी. ती असली तरी तिथे सपाट जांभा हवा, खळगे हवेत, धुकं हवं. महाबळेश्वर तिथून दोनशे किलोमीटरहून लांब, कुद्रेमुख तीनशेच्या घरात. वाटेत नद्यांची खोरी, ऊस, रस्ते, कोरडे पट्टे. अंगठ्याएवढा प्राणी, जो वर्षाचे आठ महिने कातळाच्या कपारीत किंवा मातीत पडून असतो, तो पन्नास वर्षांत हे अंतर कापेल असं मानायला कुठलाही आधार नाही. नकाशातला गडद रंग एवढंच सांगतो की तिथलं हवामान तेव्हा आजच्या आंबोलीसारखं असेल. तिथे कोणी पोहोचेल असं तो सांगत नाही.

‘मग आपणच उचलून नेऊन सोडायचे का?’ हा प्रश्न तुमच्या तोंडी परीक्षेत नक्की येईल. माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नाही. रोगाचा प्रसार, तिथल्या जातींशी स्पर्धा आणि नवा अधिवास मुळात मानवतो का याबद्दलचं अज्ञान, ही तीन कारणं पुरेशी आहेत. आणि घरची जागा आपल्याच हाताने जात असताना नवी जागा शोधणं मला पटत नाही. चिरेखाणी, सड्यावर उतरवलेल्या गाड्या, पावसाळी शनिवार-रविवारची गर्दी, रात्रीच्या रस्त्यावर चिरडलेले भेक, कातळ फोडून माती टाकून केलेल्या बागा. यातल्या प्रत्येक गोष्टीने खळगे कमी होतात. शंभर खळगे असतील तर खंडाच्या वर्षी त्यातले दहा खोल खळगे पाणी धरतात आणि जात तरते. वीसच उरले तर त्यात कदाचित एकही खोल नसेल. हवामानबदल आणि अधिवासाचा नाश यांना प्रबंधात वेगवेगळी प्रकरणं देतात. सड्यावर ती एकाच खळग्यात घडतात.

सगळ्याच जातींना हे गणित लागू नाही, हेही लिहा. झुडपी बेडकांना, म्हणजे राओर्चेस्टिसना, डबकं लागतच नाही. अंड्यातून थेट छोटा बेडूक बाहेर पडतो. त्यांचं सगळं पानावरच्या आणि पालापाचोळ्यातल्या दमटपणावर चालतं, म्हणून धुक्याचे दिवस घटले की त्यांना धोका. जांभळा बेडूक वर्षभर जमिनीखाली राहतो आणि ओढ्यातल्या कातळात अंडी घालायला वर्षातून जेमतेम वर येतो. घाटाच्या पूर्व उतारावरची त्याची बहीण-जात, जिचं वर्णन २०१७ साली झालं, ईशान्य मोसमी पावसात प्रजनन करते. त्याच डोंगराच्या दोन बाजूंना दोन पावसांची दोन घड्याळं. आंबोलीतच २००३ साली वर्णन झालेलं देवगांडूळ, गेगेनिओफिस डॅनिएली, हा पाय नसलेला, गांडुळासारखा दिसणारा उभयचर, मातीत राहतं. हवेच्या तापमानाचा नकाशा त्याच्याबद्दल जवळपास काहीच सांगत नाही.

प्रस्तावनेत जागतिक चित्र द्यायचंच असेल तर २०२३ साली ‘नेचर’मध्ये आलेला उभयचरांचा दुसरा जागतिक आढावा घ्या. ८,०११ जाती तपासल्या, त्यातल्या ४०.७ टक्के संकटात. २००४ नंतर ज्या जातींची स्थिती खालावली, त्यातल्या ३९ टक्क्यांमध्ये मुख्य कारण हवामानबदल. १९८० ते २००४ या काळात रोग आणि अधिवासाचा नाश हीच कारणं सर्वांत वर होती. म्हणजे तुमचा विषय चुकलेला नाही.

मॉडेल टाकून देऊ नका. ते पश्चिम घाटात दूरवर पसरलेल्या, तीस-चाळीस खऱ्या आणि वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी असलेल्या एखाद्या जातीवर चालवा. पण आधी वर्गीकरण तपासा: २०११ साली एकाच वेळी निक्टीबॅट्रॅकस या बेडकांच्या कुळशाखेत १२ नव्या जाती आल्या आणि २०१६ साली इंडिराना या कुळशाखेतून वॉकेराना ही वेगळी कुळशाखा निघाली, त्यामुळे जुन्या नावाखालच्या नोंदी अनेकदा दोन-तीन जातींची भेळ असतात. भविष्यातलं हवामान आजच्या मर्यादेबाहेर जिथे जातं, तो भाग नकाशावर रेघा मारून दाखवा. तिथे मॉडेल फक्त अंदाज ठोकतं.

आणि आंबोलीच्या भेकासाठी एक पावसाळा द्या. वन विभागाची परवानगी आत्ताच मागा, तिला वेळ लागतो. वीस खळगे निवडा, उथळ आणि खोल दोन्ही. प्रत्येकात प्लास्टिकची पट्टी चिकटवून रोज एकाच वेळी पाण्याची खोली लिहा. चार-पाच खळग्यांत तापमान नोंदणारी छोटी यंत्रं ठेवा, शक्य झालं तर आवाज नोंदणारं एक यंत्रही. पहिली हाक कुठल्या तारखेला, अंडी कधी, शेपटीवाली पिल्लं कधी, पाय फुटून कातळावर कधी आली, आणि कुठल्या खळग्यात ती आलीच नाहीत. भेकांना हात लावू नका, बुटांचे तळवे दर खेपेला निर्जंतुक करा. हे काम मेच्या मध्यापासूनच सुरू करा, खळगे कोरडे असतानाच. आधी त्यांची खोली मोजून घ्यावी लागेल, पाणी भरलं की तळ दिसत नाही.

नोंदींची मूळ फाइल अचूकतेच्या रकान्यासह मला पाठवा. कुठल्या ओळी काढायच्या ते खुणा करून परत देतो.